टीव्ही नाही घरात, मग पुराची-विजेची खबर लागायची कशी?

मागच्या दोन-तीन महिन्यांत या सदराकडं जी पत्रं आणि मेसेज आलेत त्यात एकच विषय फिरून फिरून यायलाय, पाऊस-पाण्याचा. म्हणून रेशनकार्ड, सातबारा, सुनेचं आधार हे सगळं पुढच्या अंकाला ढकललंय, राग मानू नका. आणि आधीच सांगून टाकतो, माझ्याही घरी टीव्ही नाही. एका मे महिन्यात संध्याकाळी कडाडलं ते डिशच्या वायरीतून थेट टीव्हीत शिरलं, धूर निघाला, टीव्ही गेला, आणि दुसरा घेऊ घेऊ म्हणता राहूनच गेला. त्यामुळं खाली जे लिहिलंय ते बरंचसं स्वतः करून बघितलेलं आहे.

"काका नमस्कार. आमचं गाव गोदाकाठी, घनसावंगी तालुका. पोरगी दहावीला गेली तवा टीव्ही काढला तो काढलाच. मोठा मोबाईल मालकाकडं, ते दिवसभर शेतात. घरी मी, सासूबाई आणि बटणाचा फोन. २०२५ च्या सप्टेंबरात पाणी आलं तवा आम्हाला कळलं ते गल्लीत आरडाओरडा झाल्यावर. म्हशी सोडल्या, पण धान्याच्या दोन कणग्या भिजल्या. जाऊबाई म्हणायलेत टीव्ही असता तर आधी कळलं असतं. घ्यावा का परत?"
— एक वाचक भगिनी, जि. जालना

ताई, सिरियल बघायला घ्यायचा तर खुशाल घ्या, पण पुरापायी घेऊ नका. एक तर ज्या रात्री पाणी येतं त्या रात्री लाईट आधी जाते, मग टीव्ही नुसता भिंतीचा शो. दुसरं म्हणजे टीव्हीवर खाली पट्टी सरकते, "मराठवाड्यात मुसळधार". अहो मराठवाडा म्हणजे आठ जिल्हे, त्यातल्या तुमच्या गावाला काय कळणार त्या पट्टीतून? आणि गुडघाभर पाण्यात उभा राहून पोरगा माईकवर सांगतो तेव्हा पाणी येऊन गेलेलं असतं की.

तुमच्या गावाला खरं तर तीन वेगळ्या खबरी लागतात आणि त्या तीन वेगळ्या वाटांनी येतात, इथंच सगळ्यांचा घोळ होतो. उद्या-परवा काय होणार हा अंदाज. पुढच्या दोन-तीन तासांत काय होणार हा तातडीचा इशारा, त्याला हवामान खात्यात नाऊकास्ट म्हणतात. आणि तिसरी, तुमच्यासाठी सगळ्यात मोठी, वरून किती पाणी सोडलंय ही धरणाची खबर.

तिसरीपासूनच धरू. गोदावरीला पूर येतो तो दर वेळी आपल्या आभाळातून येत नाही. नाशिककडं धो धो झालं की गंगापूर, दारणा ही धरणं भरतात, ते पाणी नांदूर मधमेश्वरवरून खाली येतं, जायकवाडीत जमा होतं आणि नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, भरलेला असला की पैठणचे दरवाजे उघडावे लागतात, २७ दरवाजे आहेत त्याला. म्हणजे तुमच्याकडं लख्ख ऊन आहे, अंदाजात "हलका पाऊस" लिहिलंय, तो अंदाज खरा पण आहे, आणि तरी नदी चढायलीय असं होऊ शकतं. नुसता पावसाचा अंदाज बघणारा माणूस इथं फसतो. २०२५ च्या सप्टेंबरात तर दोन्ही एकदम झालं, आपल्याकडं पण अतिवृष्टी आणि वरून जायकवाडीचा विसर्ग दोन लाख क्युसेकच्या वर.

आता क्युसेक म्हणजे काय ते एकदा नीट समजून घ्या, कारण मेसेजमध्ये तोच शब्द असतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर पाणी. आपल्याला टँकर तर चांगलाच ठाऊक आहे, तर दहा हजार लिटरचा टँकर धरला तर एक लाख क्युसेक म्हणजे दर सेकंदाला २८० टँकर नदीत ओतायचे. पण नुसता आकडा ऐकून तुम्हाला तुमच्या घराचं कळणार नाही, म्हणून एक काम करा, मी गोदाकाठच्या एका गावात बघितलंय. तिथं मारुतीच्या पाराला ऑईलपेंटनं खुणा मारल्यात, इतके क्युसेक होते तेव्हा पाणी इथवर, इतके होते तेव्हा इथवर, शेजारी तारीख. बस. पुढच्या वेळी आकडा आला की म्हातारं माणूस पण सांगतं, "म्हणजे घाटाच्या पायऱ्या बुडतेत, आपल्या गल्लीत नाही येत." २०२५ च्या खुणा अजून भिंतींवर दिसत असतील तर रंग लागायच्या आत मारून घ्या. विसर्गाचे आकडे जलसंपदा खात्याकडून तहसीलला, तिथून तलाठी आणि पोलिस पाटलाकडं येतात, आणि आता बहुतेक गावांत त्याचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. तलाठी म्हणजे हल्लीचे ग्राम महसूल अधिकारी, नाव बदललं तरी आपण तलाठीच म्हणतो. त्या ग्रुपमध्ये मालकांचा नंबर आहे का बघा. नसला तर जाऊन सांगा, लाजू नका.

पण मालक शेतात आणि तुम्ही घरी हा खरा तिढा. म्हणून बटणाच्या फोनकडं वळू. त्याला कमी समजू नका. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण म्हणजे एनडीएमए, त्यांच्या 'सचेत' या यंत्रणेतून साधे एसएमएस येतात, मराठीत, की अमुक जिल्ह्यात पुढच्या तीन तासांत मेघगर्जनेसह पाऊस, वारा वगैरे. त्याला इंटरनेट लागत नाही. आपण काय करतो, लोनचे, रिचार्जचे, लॉटरीचे मेसेज इतके येतात की इनबॉक्स उघडायचंच सोडून देतो, आणि बटणाच्या फोनची मेमरी भरली की नवा मेसेज आतच येत नाही. आठ दिवसाला एकदा पोरीला बसवा आणि कचरा डिलीट करायला लावा. मी स्वतः एकदा तो मेसेज बघितलाच नाही, सोयाबीनची गंजी उघडी होती, ताडपत्री घरात घडी घालून ठेवलेली, आणि मेसेज दुपारी दीडचा. बायकोनं तो दुसऱ्या दिवशी वाचून दाखवला, मुद्दाम मोठ्यानं.

आणखी एक प्रकार म्हणजे फोन एकदम भोंग्यासारखा वाजतो आणि स्क्रीनवर सूचना येते तो. २०२३ मध्ये त्याच्या चाचण्या झाल्या तेव्हा लोक घाबरले होते, फोन फुटतो की काय म्हणून. त्याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. तो एकेका नंबरला पाठवत नाहीत, टॉवरखाली जितके फोन असतील त्या सगळ्यांवर एकदम येतो, म्हणून नेटवर्कवर गर्दी असली तरी पोचतो. मोठ्या फोनच्या सेटिंगमध्ये इमर्जन्सी अलर्ट नावाचं बटण असतं, ते चालू आहे का मालकांना बघायला सांगा, कारण त्या चाचणीनंतर कितीतरी जणांनी कटकट नको म्हणून बंद करून टाकलंय. जुन्या बटणाच्या फोनवर तो येईलच असं धरून चालू नका.

टॉवर पण बॅटरीवर चालतो हे विसरू नका. लाईट जाऊन बराच वेळ झाला की टॉवर झोपतो आणि मग तुमचा हजाराचा फोन काय आणि तीस हजाराचा काय, सारखाच. तेव्हा उरतो सेलवरचा रेडिओ आणि शेजारी. रेडिओचं शेवटी लिहिलंय. शेजाऱ्याचं असं की गल्लीत ठरवून ठेवा, ज्याला आधी कळेल त्यानं कुणाकुणाचं दार वाजवायचं. तुमच्या सासूबाईंना कोण उचलून नेणार हे पण त्यातच ठरवा. देवळाचा भोंगा इन्व्हर्टरवर करून घ्यायचा विषय ग्रामसभेत काढा, हरिनाम सप्ताहाला वर्गणी निघते तशी याला पण निघेल. आणि १०७७ हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर फोनवर चिकटवून ठेवा, खात्री करायची असली की तिथं विचारा, तिथं विचारलं म्हणून कुणी हसत नाही. माणूस अडकलंच तर ११२.

"ऑरेंज अलर्ट आला की आमच्याकडं हमखास ऊन पडतं. हे लोक एसीत बसून काहीपण सांगतात का?"
— एक वाचक, आष्टी, जि. बीड

दादा, तुमची चिडचिड कळली, पण यात निम्मी चूक आपल्या वाचण्याची आहे. अलर्ट जिल्ह्याला असतो. बीड जिल्हा तुमच्या आष्टीपासून पार परळीपर्यंत. परळीला ओढे भरून वाहिले आणि तुमच्याकडं कापूस वाळला तरी अलर्ट खरा ठरतो.

दुसरं, बातमीत "तुरळक ठिकाणी", "काही ठिकाणी" असे शब्द असतात ते आपण गाळून वाचतो. ते शब्द सहज लिहिलेले नसतात, त्यांना माप आहे. तुरळक ठिकाणी म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव ठिकाणी. काही ठिकाणी म्हणजे पाव ते निम्मी. बऱ्याच ठिकाणी म्हणजे निम्म्याहून जास्त, पाऊण हिश्श्यापर्यंत. त्याच्या वर गेलं की बहुतांश किंवा सर्वदूर. आता "तुरळक ठिकाणी मुसळधार" असं असलं तर चारातल्या तीन गावांनी "काहीच नाही आलं" म्हणणं साहजिक आहे, पण चौथं गाव कोणतं ते आधी कुणालाच माहीत नसतं.

रंगाचं पण तसंच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. आणि मुसळधारची मापं अशी की २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढं गेला की मुसळधार, ११५.६ च्या पुढं अतिमुसळधार, २०४.५ आणि त्याच्या वर अतिवृष्टीचा कहर, म्हणजे खात्याच्या भाषेत अत्यंत मुसळधार. आपल्याकडं नुकसानभरपाईच्या वेळी महसूल मंडळात ६५ मिलिमीटर झाला का बघतात ते याच्याशीच मिळतंजुळतं आहे. आणि हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. म्हणजे "आजचा अलर्ट" उद्या पहाटेपर्यंत उभा असतो. संध्याकाळी ऊन बघून "गेला अलर्ट" म्हणणारे रात्री दोनला भिजतात.

"दामिनी ॲप शेतात सारखं वाजतं पण वीज पडते भलतीकडंच. ठेवावं की काढावं? आणि मोबाईलमुळं वीज अंगावर पडते म्हणतात ते खरं का?"
— शेळ्या राखणारा एक तरुण, पाटोदा तालुका

ठेव बाबा, काढू नकोस. दामिनी पुण्याच्या आयआयटीएम म्हणजे उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं केलेलं आहे. विजा टिपणारे त्यांचे सेन्सर जागोजागी बसवलेत, आणि तुझ्या २०-४० किलोमीटरच्या आत कुठं विजा चमकायल्यात ते ॲप दाखवतं. नेमकी पुढची वीज कोणत्या बांधावर पडणार ते कुणालाच सांगता येत नाही, ॲपला पण नाही. त्यामुळं "भलतीकडं पडली" म्हणजे ॲप खोटं नाही, तू वाचलास एवढंच. फोनचं लोकेशन आणि नेट चालू असलं तरच ते कामाचं, आणि बॅटरी वाचवायचा मोड लावला की बरेचदा गप्प बसतं, तेवढं बघ.

डोंगरात नेट नसलं तर आपलं जुनं गणित आहेच. चमकली की मोजायला सुरू कर, गडगडाट ऐकू येईपर्यंत. तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे दहा किलोमीटरच्या आत आली, आता शेळ्या राहू दे आणि पक्क्या घराकडं निघ. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर यायचं नाही. पाऊस थांबला म्हणून लगेच आखाड्यावरून बाहेर पडलेली माणसं गेलेली आहेत.

झाडाचं मात्र डोक्यात पक्कं ठेव. आपल्याकडं वीज पडून जी माणसं जातात त्यातली कितीतरी झाडाखाली उभी असतात, लिंब असो, आंबा असो की बाभूळ. पाऊस आला की पाय आपोआप झाडाकडं वळतेत, तिथंच घात होतो. चारी बाजूंनी उघडं पत्र्याचं शेड पण घर नाही. काचा लावलेली जीप चालेल, मोटारसायकल नाही. काहीच सापडलं नाही तर खोलगट जागी दोन्ही पाय जुळवून उकिडवा बस, कान झाक, आडवा पडू नकोस, आणि चार जण असलात तर एकमेकांना चिकटून बसू नका.

मोबाईलमुळं वीज ओढली जाते हे खरं नाही. चार्जिंगला लावलेल्या फोनवर बोलणं मात्र धोक्याचं, कारण वीज तारेतून येते. माझ्या टीव्हीला विचार.

"व्हॉट्सॲपवर रोज येतं, अमुक तारखेपासून मराठवाड्यात ढगफुटी. त्यावर काढणीचं ठरवावं का?"
— एक शेतकरी, औसा

नाही. ढगफुटी म्हणजे एका तासात साधारण १०० मिलिमीटर, तेही छोट्याशा भागात. ती आठ दिवस आधी तारीख आणि तालुक्यासकट सांगणारा माणूस एक तर देव आहे किंवा त्याला व्ह्यूज पाहिजेत. आलेल्या मेसेजवर जारी करणारं ऑफिस, तारीख, वेळ हे तिन्ही आहे का बघा. दोन वर्षांपूर्वीचा मेसेज पण दर पावसाळ्यात नवा होऊन फिरतो. आपल्या जिल्ह्यांचे इशारे हवामान खात्याच्या मुंबईच्या प्रादेशिक केंद्राकडून निघतात आणि 'मौसम' ॲपवर फुकट दिसतात. नक्षत्राचं वाहन बेडूक आहे की म्हैस ते बघायला माझी हरकत नाही, मी पण पंचांगात बघतो, गंमत असते. पण त्यावर मळणीयंत्र सांगू नका.

"मार्चमध्ये हळद शिजवून वाळत घालतो आणि नेमकी गारपीट. दहा-बारा दिवस हळद अंगणात असते, रोज कुठं फोन बघत बसायचं?"
— वसमत, जि. हिंगोली

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट ज्यानं बघितलीय त्याला हा प्रश्न का पडतो ते सांगायला नको. रोज बघायची गरज नाही. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानाचा अंदाज आणि त्यावरून पिकाचा सल्ला काढतं. हे दोन वार लक्षात ठेवा, हळद पसरायच्या आधी तेवढं बघा. 'मेघदूत' ॲपवर पण जिल्ह्याचा सल्ला येतो. नेट नसेल तर किसान कॉल सेंटर, १८००१८०१५५१, फुकट आहे, सकाळी सहा ते रात्री दहा, मराठीत बोलतात. विद्यापीठाच्या सल्ल्यात "गारपीट", "वादळी वारे" असे शब्द दिसले की मग मात्र ते दोन-तीन दिवस दुपारनंतर तीन तासांच्या इशाऱ्याकडं लक्ष ठेवा, कारण उन्हाळ्यातलं हे सगळं बहुतेक दुपारी तीननंतर चढतं. आणि ताडपत्री हळदीच्या शेजारीच ठेवा, माळवदावर नाही.

"मी आणि मंडळी दोघंच असतो, कानानं कमी ऐकू येतं. पोरगं पुण्याहून फोन करतं, अप्पा रेड अलर्ट आहे, बाहेर पडू नका. इकडं काहीच नसतं."
— उदगीरहून एक ज्येष्ठ वाचक

अप्पा, पोरगं पुण्याचा अलर्ट बघून उदगीरला फोन करायलंय. त्याला म्हणावं 'मौसम' आणि 'सचेत' या दोन्ही ॲपमध्ये तुझ्या गावासोबत आमचा लातूर जिल्हा पण टाक, आणि फोन करायचा तर दिवसाउजेडी कर. कानाचा प्रश्न असला तर फोन व्हायब्रेटवर लावून उशाला नको, उशीखाली पण नको, स्टीलच्या ताटलीत ठेवा, थरथरला की ताटली वाजते आणि मंडळींना तरी ऐकू जातं. बाकी शेजारच्या घरातल्या एका पोराला सांगून ठेवा, ॲपपेक्षा ते पोरगं पक्कं.

"काका, बटणाच्या फोनवर एफएम लागतच नाही, नुसती खरखर. फोन खराब आहे का?"
— हदगाव, जि. नांदेड

फोन चांगला आहे, इअरफोन लावलेला नाही एवढंच. त्याची वायर हीच एरियल असते. वायर खुपसून मग स्पीकरवर टाका, सगळ्यांना ऐकू येईल. नांदेड, परभणी, बीड, धाराशिव, छत्रपती संभाजीनगर या सगळीकडं आकाशवाणीची केंद्रं आहेत, तुमच्याकडं जे स्वच्छ लागतं ते शोधून नंबर सेव्ह करून ठेवा, आणि प्रादेशिक बातम्यांची वेळ एकदा बघून भिंतीवर लिहा. सेलवरचा छोटा रेडिओ घेतलात तर आणखी बरं, पण पावसाळा संपला की सेल काढून ठेवा. माझ्या रेडिओत ते आतच राहिले, पाझरले, हिरवं हिरवं झालं सगळं, आणि ऐन जूनमध्ये दुकानदाराला स्प्रिंग घासून दे म्हणून विनवण्या करत बसलो.